गळ्यात घालायचा खाऊ

होळीच्या आठवड्यात यवतमाळच्या दत्त चौकाजवळच्या बाजारात शिरावं आणि मान वर ठेवून चालावं. दुकानांच्या दारांवर गाठ्या लोंबत असतात, पांढऱ्या, गुलाबी, केशरी. साखरेची ही पदकं दोऱ्यात ओवलेली वाटतात, पण ओवलेली नसतात. दोरा आधी ताणलेला असतो, साखर त्याच्याभोवती नंतर जन्माला येते.

हे मी एका हलवायाच्या मागच्या खोलीत पाहिलं. कढईत साखरेचा पाक उकळत होता. त्यात थोडं दूध पडलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. मग पाक घोटायचा. घोटल्याने साखरेचे बारीक कण धरतात, म्हणून गाठी काचेसारखी पारदर्शक न होता दुधाळ होते आणि दातांखाली भुरभुरते. लाकडी साच्याच्या खाचांतून दोरा ताणलेला, त्यावर पाक ओतला. "गरम हाये जी, हात नका लावू," कारागीर म्हणाला. थोड्याच वेळात साचा उघडून त्याने अख्खी माळ उचलली.

गुढीला गाठी साऱ्या महाराष्ट्रात बांधतात. विदर्भात मात्र ती होळीलाच येते आणि थेट पोट्ट्यांच्या गळ्यात पडते. बाळाच्या पहिल्या होळीला तर हवीच.

साच्याचं लाकूड आणि गाठीचा सुती दोरा या दोन्ही गोष्टींना या जिल्ह्यात मोठा इतिहास आहे. कापसासाठीच किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ टाकले. त्यावरून धावणारी गाडी म्हणजे शकुंतला. इथला कापूस त्या गाडीने मुंबईच्या वाटेला लागे आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत जाई. सागाची जंगलं इंग्रजांनी राखीव केली, लोकांचा गवता-लाकडावरचा हक्क गेला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद भागातल्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. मिठाच्या सत्याग्रहासाठी समुद्र नसलेल्या मुलखाने शोधलेला हा मार्ग मला फार थोर वाटतो.

आर्णी, महागावमार्गे एसटी उमरखेडकडे निघाली. पळस ऐन भरात होता. पुसद-उमरखेडचा हा भाग १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. पैनगंगेच्या बाजूला आलं की कापसाच्या जिल्ह्यात ऊस दिसू लागतो, आणि पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना उभा आहे.

गाठीच्या माळेवरून आठवलं, दोरीसारखा खाऊ जगात इतरत्रही आहे. आपण घसा बसला की चघळतो त्या ज्येष्ठमधाच्या मुळापासून तो निघाला. इंग्लंडच्या पाँटिफ्रॅक्ट गावात १७६० च्या सुमारास जॉर्ज डनहिल या औषधविक्याने ज्येष्ठमधाच्या अर्कात साखर घालून वड्या केल्या. पुढे या मिठाईच्या लवचीक दोऱ्या निघाल्या. जर्मनीच्या हरिबोने १९२५ मध्ये अशी दोरी चाकासारखी गुंडाळून विकायला काढली. तिकडची मुलं ती उलगडत, ताणत खातात. त्यातली गंमत मला कळते, पण गाठीची मजा त्याहून मोठी आहे, कारण ती आधी दागिना असते. मिरवायची की खायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

उमरखेडजवळच्या एका गावात होळीसाठी शेणाच्या चाकोल्यांच्या माळा तयार होत्या. मधोमध भोक पाडून वाळवलेल्या या चकत्या पोरांनीच सुतळीत ओवल्या होत्या. संध्याकाळी त्या आगीत गेल्या, आणि गाठ्या गळ्यात आल्या. एक मुलगी कडेची पदकं आधी संपवत होती, मधलं मोठं शेवटाला ठेवून. तिच्या भावाने मोठ्यालाच पहिला चावा घेतला होता. घामाने पाघळलेली साखर दोघांच्याही सदऱ्यांना चिकटली होती, आणि उरलेला गोड दोरा कोणी चोखायचा यावर त्यांचं भांडण जुंपलं होतं. आजी ओट्यावरून ओरडली, "पाडव्याला अजून आणतो न रे!"