देवाची कोंड

रत्नागिरीत मासा म्हटलं की तो समुद्रातलाच. मिरकरवाड्याच्या बंदरावर सुरमई, बांगडा, सौंदाळा, मांदेली यांचे ढीग रोज पाहणाऱ्याला नदीतला मासा मासाच वाटत नाही. 'चिखलाचा वास येतो' म्हणून आमच्या घरातल्या बायकाही नाक मुरडतात. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. सातवीच्या मुलांना माशांची दहा मराठी नावं लिहायला सांगितली, तर वर्गातल्या एकानेही नदीतल्या माशाचं नाव लिहिलं नाही. यात मुलांचा दोष नाही. जे पानात येत नाही ते जिभेवरही येत नाही.

माझे मामू मात्र नदीकाठचे. त्यांचं बालपण साखरप्याच्या वर, आंबा घाटाच्या पायथ्याशी गेलं. पुढे तीस वर्षं आखातात नोकरी. आता अडुसष्टाव्या वर्षी गुडघे दुखतात, पण काजळी नदीचं नाव निघालं की चेहरा बदलतो. भाट्याच्या पुलावरून आपण जी रुंद खाडी पाहतो, ती याच काजळीची. वर डोंगरात ती पोरसवदा ओढ्यासारखी असते. "एकदा वरपर्यंत जाऊ या. परत जमेल न जमेल," असं मामू म्हणाले आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी, मामू आणि दहावीची परीक्षा दिलेला माझा मुलगा असे तिघे निघालो.

तिथे मामूंचे शाळूसोबती राहतात, त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी चिव्याच्या तीन काठ्या तासून ठेवल्या होत्या. नारळाच्या करवंटीत गांडुळं, कागदात कणकेचा गोळा. माझ्या मुलाने मोबाईलवर मासेमारीचे परदेशी व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे ही सामग्री बघून तो जरा हिरमुसला.

कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीवर उगम आणि शंभर किलोमीटरच्या आत समुद्र. पावसात त्या रोंरावत जातात आणि मे महिन्यात जागोजागी तुटतात. मग उरतात त्या फक्त कोंडी, म्हणजे खडकातले खोल डोह. वरखाली पाणी नसतं, म्हणून नदीतला सगळा जीव त्या चार-सहा कोंडींत येऊन बसतो. मृगाचा पाऊस लागला, ओढे वाहते झाले की हेच मासे अंडी घालायला उलट्या धारेने वर चढतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. म्हणजे मे महिन्यातली कोंड हे नदीचं बेणं असतं.

पहिल्या कोंडीवर पोचलो आणि आबा थबकले. पाणी नितळ होतं, नको इतकं नितळ. त्यात ना मासा, ना झिंगा, ना काठावर खेकडा. आठ-दहा दिवसांपूर्वी रात्री कुणीतरी ब्लीचिंग पावडर ओतली होती. मोठे मासे त्यांनी पाटीत भरून नेले आणि बोटाएवढी पिल्लं दुसऱ्या दिवशी पांढरी होऊन काठाला लागली. जुन्या काळीही लोक गेळ्याची फळं ठेचून किंवा रामेठ्याची साल टाकून मासे गुंगवत. मामूंनीही ते पाहिलं होतं. पण ते काम कष्टाचं. पावडरीला कष्ट नाहीत, पुडा फोडला की झालं. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरवलं आहे. पण रात्री कोंडीवर कायदा पोचतो कुठे?

पुढच्या कोंडीवर गरी टाकली. दोन तासांत चार शिंगट्या आणि मूठभर मळ्ये मिळाले. मळ्या हा खडकाला तोंडाने चिकटून राहणारा बारका मासा, धारेतही हलत नाही. शिंगटी सोडवताना तिचा काटा मुलाच्या बोटात घुसला आणि त्याचं डोकं ठिकाणावर आलं. या दोन नावांची एक गंमत त्याला सांगितली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं केली. ती करताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिन नावांत बसवली. म्हणून शास्त्रज्ञ जगात कुठेही असले तरी या माशांना 'मुल्या' आणि 'सींगटी' अशाच नावांनी ओळखतात. जी मराठी नावं आपल्या मुलांच्या वहीत नाहीत, ती तिकडे पुस्तकांत सुखरूप आहेत.

आणखी अर्धा तास वर चढलो. ग्रामदेवतेच्या राईखाली तिसरी कोंड. गर्द सावली, काळंशार पाणी, आणि त्यात हातभर लांबीचे, मोठ्या खवल्यांचे मासे संथ फिरत होते. मुलाने काठी उचलली.

"इथं गरी टाकायची नाय हां, बाळा," आबा म्हणाले. "ही देवाची कोंड."

मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पप्पा, आपल्याला कुठे लागू होतं ते?"

प्रश्न उद्धट नव्हता. ज्या वयात माणूस आपण कोण हे चाचपून पाहतो, त्या वयाचा होता. मी काही बोलण्याआधीच मामूंनी आपल्या गरीचा दोरा काठीला गुंडाळायला घेतला होता. ते म्हणाले, "माझ्या वडिलांनीही इथं कधी गरी टाकली नाही. बेण्याचं भात कोण शिजवतं? खालच्या कोंडी रिकाम्या झाल्या, तर मासा येणार कुठून? इथूनच ना?"

मी त्याला एवढंच म्हणालो की मक्केच्या हरमच्या हद्दीत शिकार करायची नाही, हिरवं झाड तोडायचं नाही, हे आपल्यालाही शिकवलेलं आहे. काही जागा सोडून द्यायच्या असतात, हे शहाणपण एकाच धर्माकडे नाही. महाडजवळ वाळणकोंडीत काळ नदीतले महसीर वरदायिनी देवीच्या नावाने असेच राखले गेले आहेत. आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यात एक नवी माशाची जात सापडली. 2020 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. तिथल्या माशांना कुणी हात लावत नव्हतं, म्हणून शास्त्रज्ञ येईपर्यंत ते टिकले.

आबांच्या घरी वहिनींनी आमसुलं आणि तिरफळं घालून मासे शिजवले. कोंबडी असती तर जबह कुणी केली, हा प्रश्न निघाला असता आणि दोन्ही बाजू अवघडल्या असत्या. माशाला तो प्रश्नच नाही. मामू आणि आबा साठ वर्षांपूर्वीसारखे एका पंक्तीला बसले. चिखलाचा वास कुणालाच आला नाही.

जूनमध्ये आबांचा फोन आला. चढण लागली होती, शेतातल्या पाटापर्यंत मासे आले होते. वाडीने बसून ठरवलं आहे की पहिले आठ दिवस कुणी मासा मारायचा नाही आणि मे महिन्यात पोरांनी कोंडींवर आळीपाळीने राखण करायची. ठराव कागदावर नाही, तोंडीच आहे. मामूंनी विचारलं, "आणि ती पावडरवाली कोंड?"

"बघू," आबा म्हणाले. "वरून उतरला मासा तर भरंल दोन-तीन वर्षांत."