तांबी बसवताना

डोंबिवलीत तांबी बसवून घ्यायला येणारी नोकरदार बाई बहुधा शनिवारी येते. एरवी पहाटेचा डबा, ठाण्याकडची लोकल, रात्रीची भांडी. टेबलावर झोपताना हळूच विचारते, "मॅडम, फार दुखेल का?" मुंगी चावल्यासारखं वाटेल, हे आमच्या पेशातलं ठरलेलं उत्तर मला मान्य नाही. दुखतं. कुणाला पाळीतल्या कळांइतकं, कुणाला घाम फुटेपर्यंत. नॉर्मल बाळंतपण झालेलीला सहसा कमी. फक्त सिझेरियन झालेलीला किंवा मूल न झालेलीला जास्त.

गर्भाशयाचं तोंड चिमट्यात धरताना, आतली लांबी मोजताना आणि तांबी आत सोडताना अशा तीनदा कळा येतात. चिमटा खटकन लावला तर बाई टेबलावरून उठतेच. तिने श्वास सोडला की चिमटा हळूहळू मिटवायचा, मग सोसवतं. भीती जास्त असेल तर गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंना लिग्नोकेनचं, म्हणजे बधिर करणारं, इंजेक्शन देते. ती सुईही टोचते, हे आधीच सांगते. नंतर चार-पाच मिनिटं थांबायचं. औषध स्वस्त आहे. गर्दीच्या ओपीडीत महाग पडतं ते हे थांबणं. आयब्युप्रोफेनची गोळी आधी घेतली तर नंतरच्या कळांना उतार पडतो, बसवतानाच्या दुखण्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तरी पुष्कळ ठिकाणी सगळी भिस्त त्या गोळीवरच!

तांबीची भीती जुनी आहे. १९६५ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात लूप, म्हणजे तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं जुनं साधन, आला. उद्दिष्टांचे आकडे गाठायची घाई झाली, अंगावरून जातंय, दुखतंय म्हणणाऱ्या बायकांची विचारपूस राहून गेली, आणि लूप बदनाम झाला. आजची तांबी, म्हणजे कॉपर-टी ३८० ए, १० वर्षं चालते, तरी सासूने ऐकलेल्या त्या गोष्टी सुनेला घाबरवतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये डॉक्टरांना सांगितलं, की दुखण्याबद्दल प्रत्येकीशी आधी बोला आणि ते कमी करायचे उपाय तिच्यापुढे ठेवा. त्यासाठी आपल्याकडे कुठलं नवं यंत्र लागत नाही.

तांबी बसवायला जाणार असाल, तर आधीच विचारा: बधिर करण्याचं इंजेक्शन देता का? मी "थांबा" म्हटलं तर थांबाल ना? बसवल्यावर काही जणींना चक्कर येते, म्हणून अर्धा तास पडून राहा. सोबत कुणाला तरी न्या, आणि परतताना गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने येऊ नका.