नळ आला की मॅच थांबते

मुलींचा संघ शाळेबाहेर जाणार असेल तर सोबत एक बाई हवीच, हा आमच्या शाळेचा दंडक. खेळाच्या सरांना सोबत हवी होती आणि मराठीच्या बाईंचे शेवटचे तास रिकामे होते. एवढ्याच कारणानं मी फुटबॉलमध्ये शिरले. तोवर फुटबॉल म्हणजे बंगाल, गोवा, केरळ. आणि आमच्या नागपूरकडचं म्हणाल तर कामठी. कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव माहेरी भावाच्या तोंडून ऐकलेलं, बस. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला आजही कुणी विचारू नये.

उत्तर नागपुरातल्या ज्या वस्तीच्या मैदानावर मला नेलं तिथं ऑफसाइडची भानगड नव्हतीच. पाच-पाच जणांचे संघ, त्यात मुलगे आणि मुली एकत्र, छोटं मैदान, विटांचे गोलपोस्ट. आणि रेफरीच नाही. पोरगे चौदा-पंधरा वर्षांचे, तोंडात शिव्या तयार, आणि मैदानात शिट्टी फुंकणारं कोणी नाही! अर्ध्या तासात डोकी फुटणार, अशी माझी खात्री झाली. सरांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, ‘‘बाई, आधी तीन हाफ बघून घ्या.’’

तीन हाफ कसे, तर असे. पहिल्या हाफमध्ये खेळायचं नाही. दोन्ही संघांनी वर्तुळ करून मातीत बसायचं आणि आजचे नियम ठरवायचे. दुसरा हाफ म्हणजे मॅच. तिसऱ्यात पुन्हा बसायचं आणि ठरवलेलं कोणी पाळलं, कोणी मोडलं, याचा हिशेब करायचा. आमच्याकडे जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला दोन, हरलं तरी एक. त्यावर समोरच्या संघानं द्यायचे तीनपर्यंत गुण, तुम्ही कसे वागलात त्याचे. म्हणजे हरलेला संघ नीट वागला तर चार गुण घेऊन जाऊ शकतो आणि जिंकून माजलेला तीनावर राहतो. बाजूला एक जण मध्यस्थ म्हणून उभा असतो, पण निकाल द्यायचा अधिकार त्याला नाही. त्यानं फक्त बोलणं चालू ठेवायचं. ऑफसाइड न कळणाऱ्या बाईला हे काम लगेच देऊन टाकण्यात आलं.

ही पद्धत आपल्याकडची नाही. १९९४च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच जाळ्यात गेला, कोलंबिया अमेरिकेशी हरला, आणि काही दिवसांत एस्कोबारला त्याच्याच मेदेयीन शहरात गोळ्या घातल्या गेल्या. त्या काळात तिथं असलेल्या युर्गन ग्रीसबेक नावाच्या जर्मन माणसानं स्थानिकांना हाताशी धरून टोळ्यांमध्ये वाटल्या गेलेल्या पोरांना एका मैदानात आणायचा उद्योग सुरू केला. रेफरी नको, भांडण तुमचं तर निवाडाही तुमचाच. आणि संघात मुली हव्यातच, पहिला गोल मुलीनंच मारायचा. म्हणजे तिला पास दिल्याशिवाय गत्यंतर नाही.

नागपूरची जमीन मात्र ही पद्धत इथं पोचायच्या आधीच नांगरून ठेवलेली होती. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि २००१च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल उभा केला, ही गोष्ट इथं सगळ्यांना पाठ आहे. २०२२मध्ये त्यांच्यावर बेतलेला नागराज मंजुळ्यांचा ‘झुंड’ हा सिनेमा आला, तेव्हापासून तर जास्तच. ‘झुंड’नंतर वर्षभर आमच्या मैदानावर येणारा प्रत्येक पालक एकदा तरी ‘‘पिक्चरमध्ये घेतील का?’’ असं विचारून जायचा. पोरं त्यांना माझ्याकडे पाठवायची. त्यातल्या अमिताभ बच्चनचा फोन नंबर माझ्याकडे आहे, अशी वदंता होती.

नियमांचं सांगते. मेदेयीनच्या धर्तीवर आम्हीही सुरुवातीला मुलींसाठी एक नियम लावला होता : मुलीचा गोल दोन धरायचा. मला तो मनापासून पटलेला. त्यामुळे मुलींना बॉल मिळायला लागला, हे डोळ्यांनी दिसत होतं. आधी मुलगे आपसातच पास खेळायचे आणि मुली मैदानाच्या कडेनं नुसत्या धावायच्या. गोल डबल झाला आणि पोरांची नजर आपोआप तिकडे वळली. स्वार्थानं का होईना. असे काही महिने गेले आणि एका पहिल्या हाफमध्ये एका संघाच्या कॅप्टननं नेहमीप्रमाणे म्हटलं, ‘‘पोरीचा गोल डबल, चला.’’ तर समोर बसलेली नववीतली मुलगी म्हणाली, ‘‘कायले डबल? आमचा गोल गोल नाही का?’’

पोरं हसली. मीही तिला समजवायला गेले की अगं, नियम तुमच्याच फायद्याचा आहे. ती म्हणाली, ‘‘फायदाच आहे मॅडम. मंग जिंकलो की हेच म्हणतात, डबलनं जिंकल्या.’’ त्यावर बराच वाद झाला. मुलींमध्येच दोन तट पडले. एकीचं म्हणणं, डबल काढला की आपण पुन्हा कडेला. शेवटी त्यांनीच तोड काढली. गोल एकच, पण गोल होण्याआधी बॉल संघातल्या प्रत्येकाच्या पायाला लागलेला हवा. हे मला सुचलं नसतं. आणि सुचून मी वरून लादलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते मोडलं गेलं असतं, हेही खरं. फुटबॉलनं आत्मविश्वास वाढतो, असं लोक भाषणात सहज म्हणून जातात. मला विचाराल तर लाथ मारून काही वाढत नाही, फार तर पिंडऱ्या वाढतात. पोरीनं सोय नाकारली आणि तिच्या नकारामुळे सगळ्यांचा नियम बदलला, हे मातीत बसून झालं, बॉल तेव्हा बाजूला पडलेला होता.

तिसरा हाफही सुरुवातीला आतून पोकळ होता, हे सांगितलं पाहिजे. पोरं हुशार असतात. ‘‘आम्ही तीन देतो, तुम्ही तीन द्या, चला घरी’’ असा सौदा त्यांनी फार लवकर जमवला. वर्तुळात बसायचं, बोटांनी तीन दाखवायचे, चपला घालायच्या. बाहेरून कोणी पाहुणे आले तर ते खूश. काय गुणी मुलं!

हा सौदा आमच्या एका गोलकीपर मुलीनं मोडला. ती माझ्याच वर्गात होती. वर्गात तिचा आवाज म्हणजे हजेरीची ‘येस मॅडम’, तीही शेजारणीनं ढोसल्यावर. कविता वाचायला उभी केली तर पुस्तक तोंडासमोर. मैदानावर तिला गोलमध्ये उभं केलं होतं ते धावायला नको म्हणून. पण गोलमध्ये उभ्या माणसाला गप्प राहता येत नाही. समोरचं सगळं मैदान फक्त तिला दिसतं, पुढच्या चौघांना पाठीमागचं दिसत नाही. ओरडली नाही तर गोल खाल्लाच. सुरुवातीला ती नुसतं ‘‘ए!’’ ओरडायची. मग ‘‘ए, डावीकडे!’’ मग नावं घेऊन. मग एकेकाला झापायला लागली. ‘‘तू कुठं पाहून राहिला? तुझा माणूस सुटला ना!’’ ज्याला ती झापत होती तो वस्तीतला नामांकित दांडगट. तो मुकाट्यानं मागं यायचा, कारण तिचं बरोबर निघायचं.

तर त्या दिवशी नेहमीचा सौदा झाला, बोटं वर झाली आणि ती म्हणाली, ‘‘तीन कशाचे?’’ समोरच्या संघाला नाही, आपल्याच संघाला. ‘‘हिले पूर्ण मॅचमध्ये दोनदा पास दिला, तोही चुकून. मी मागून पाहून राहिली होती.’’ जिच्याबद्दल बोलली ती मान खाली घालून मातीत रेघा ओढत होती. कॅप्टन तापला. ‘‘तू आपल्या टीमची आहेस का त्याहीची?’’ ‘‘टीमचीच आहे, म्हणून तर सांगून राहिली.’’ मध्यस्थ म्हणून मी तोंड उघडायच्या आत समोरच्या संघातला एक मुलगा म्हणाला, की मग आमचंही सांगतो, दुसऱ्या गोलच्या आधी बॉल माह्या हाताले लागला होता. तो तिसरा हाफ अंधार पडेपर्यंत चालला. घरून बोलावणी आली. सौदा त्यानंतरही अधूनमधून होतो, नाही असं नाही. पण तो मोडणारं कोणी ना कोणी निघतं.

वर्गातही ती बोलायला लागली, असं लिहायचा मोह होतो. तसं फारसं झालं नाही. वर्गात ती अजून पुस्तकामागेच असते. बहुधा तिथं तिला मागून सगळं दिसत नाही. बोलायला लागली ती रेशनच्या दुकानात. तिची आईच सांगत होती, अर्ध्या कौतुकानं, अर्ध्या धास्तीनं.

आता नळाचं. उन्हाळ्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाला टेकतो. सहाच्या आत मैदानावर पाय ठेवणं शक्य नाही आणि सातनंतर दिसत नाही. खेळायला मिळतो तो जेमतेम तास. नेमका त्याच तासात वस्तीत नळ येतो, कधी सहाला, कधी साडेसहाला, आणि अर्ध्या तासात जातो. ‘‘नळ आला गं!’’ अशी आरोळी झाली की मुली बॉल होता तिथं सोडून पळायच्या, मुलगे तसेच खेळत राहायचे. संघाला मग पाचातल्या दोघी-तिघी कमी. मुली नियमित येत नाहीत म्हणून आम्ही शिक्षकांनी बैठका घेतल्या, पालकांना भेटलो, समुपदेशनाचं नाव काढलं. कारण होतं नळ.

हे बोलणंही पहिल्या हाफमध्येच निघालं. ठरलं असं की नळ आला की मॅच थांबेल. स्कोअर तोच राहील. आणि पाणी सगळ्यांनी भरायचं, मुलग्यांनीही, म्हणजे लवकर उरकेल आणि मॅच पुरी होईल. पहिल्या दिवशी मुलगे कॅन घेऊन रांगेत उभे राहिले तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. एक आजी तर म्हणाली, ‘‘काय बाप्पा, बॉल फुटला का?’’ एका मुलाच्या वडिलांना ते अजिबात रुचलं नाही. पोरगा दोन दिवस मैदानावर आला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि कॅन घेऊनच आला. घरात काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या रांगेमुळे एक गोष्ट झाली जी आम्हाला कुठल्याच कार्यक्रमानं साधली नव्हती. बाया मैदानावर यायला लागल्या. त्याआधी त्यांचं येणं भांडायलाच असे. उन्हाळ्यात बाजांवर पापड-कुरड्यांचं वाळवण मैदानाच्या कडेला, आणि बॉल नेमका कुरड्यांत. वरच्या आळीतल्या क्रिकेटवाल्यांशी जागेची मारामारी वेगळीच. लग्नसराईत मांडव पडायचे, आणि मांडववाले खुंट्या उपटून नेत पण खड्डे तसेच ठेवत. त्यात एका मुलाचा घोटा मुरगळला तो महिनाभर. ही तिन्ही भांडणं पोरांनी वर्तुळात बसवली. बायांनाही मातीत बसवलं, क्रिकेटवाल्यांनाही. नियम विचारले, तुमचा काय, आमचा काय. वाळवण चारच्या आत उचलायचं, बदल्यात खेळायच्या आधी मैदान पोरांनी झाडायचं. क्रिकेट सकाळी. मांडव घालणाऱ्याकडून लग्नघरच्यांनीच खड्डे बुजवून घ्यायचे. क्रिकेटवाल्यांनी दोनदा करार मोडला. तेव्हा कुरड्यांवाल्या मावशींनीच त्यांना जाब विचारला. आता त्या मावशींपैकी एक जण कधी कधी मध्यस्थ म्हणून उभ्या राहतात. माझ्यापेक्षा चांगल्या, कारण त्यांना कुणाच्या घरात काय शिजतंय ते माहीत असतं.

सगळं असं गोडच झालं, असं मात्र नाही. डबलचा नियम मोडून काढणारी ती मुलगी अठरा पूर्ण होताच सासरी गेली. मी घरी जाऊन बोलून आले, चहा पिऊन परत आले. सगळ्यात चपळ पायाचा पोरगा बुटीबोरीला कंपनीत लागला. शिफ्ट आडवी नसेल तर रविवारी येतो, पाच मिनिटांत धाप लागते, मग बाजूला बसून लहान पोरांना शिव्या देतो. स्पर्धेत आमचा संघ फार पुढे गेला, असंही नाही. कामठीच्या पोरांपुढे तर आमचा टिकाव लागत नाही.

सध्या घोडं अडलंय ते दिव्यावर. मैदानाच्या कोपऱ्यात खांब आहे, दिवा नाही. दिवा लागला तर उन्हाळ्यात नळ आटोपून सात ते आठ निवांत खेळता येईल आणि मुलींना अंधारातून घरी जावं लागणार नाही. मुलींनी बसून अर्ज लिहिला. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणला. मी सवयीनं ‘नम्र विनंती’ दोन ठिकाणी घातली. त्यांनी एक ठेवली, एक खोडली. खाली सह्या गोळा केल्या. वाळवणवाल्या मावशींची, क्रिकेटवाल्यांची, त्या रागावलेल्या वडिलांचीही.

पहिल्या खेपेला मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेले होते. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, बघतो म्हणाले. अजून बघताहेत. पुढच्या सोमवारी मुली पुन्हा जाणार आहेत. गोलकीपर बोलणार, बाकीच्या सोबत. मी शाळेतून लवकर निघायची परवानगी काढते म्हटलं, तर एकमेकींकडे पाहून घुटमळल्या आणि मग तीच म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही नका येऊ. तुम्ही असल्या की ते साहेब तुमच्याशीच बोलतात.’’