चिरंजीवांचा आयपॉड

ऐकणे ही गोष्ट आमच्या घरी कधीच एकट्याची नव्हती. माझ्या लहानपणी ओटीवरच्या फळीवर रेडिओ असे. रात्री सांगली केंद्रावरून नाट्यगीते लागली की शेजारची चार माणसे पायरीवर येऊन बसत, आणि बुधवारी रेडिओ सिलोनच्या बिनाका गीतमालेला तर तरुण मंडळी अंगणात उभी राहात. आवडो वा न आवडो, जे एकाच्या कानी पडे ते सर्वांच्याच. आई आत भाकरी थापीत असे; तिथूनच ती एखादी ओळ उचलून गुणगुणे आणि पुन्हा चुलीकडे वळे.

म्हणूनच २००६ सालच्या मे महिन्यात चिरंजीव बडोद्याहून सुट्टीवर आले ते दोन्ही कानांत पांढऱ्या बोंड्या घालून, तेव्हा मला तो घराचा अपमान वाटला. जेवायला हाक मारावी तर ती ऐकू जात नसे. ओटीवर माझ्याशेजारी बसूनही मुलगा कुठेतरी दूर असल्यासारखा दिसे. "घरात आहेस की नाहीस?" असे मी एकदा चिडून विचारलेदेखील. त्याने एका कानातली बोंडी काढली, "काय म्हणालात, बाबा?" म्हणून नम्रपणे विचारले, आणि मी काही नाही म्हणताच ती पुन्हा जागच्या जागी बसविली. सौ. म्हणाल्या, "मुलगा चार दिवसांसाठी आला आहे, ऐकू द्या की." मी गप्प बसलो, पण मनातला सल गेला नाही.

मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. रागाबरोबर कुतूहलही होतेच. मस्कतला नोकरी करणाऱ्या मित्राकडून त्याने ते यंत्र घेतले होते. अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीचा तो आयपॉड. पुढून पांढरा, पाठ आरशासारखी चकचकीत, वजन अवघे १३६ ग्रॅम. पुढच्या बाजूस एक वाटोळे चक्र. ते फिरत नाही, आपला अंगठा त्यावरून गोल फिरवायचा, म्हणजे पडद्यावरची नावे भराभर सरकतात. जपमाळेचे मणी सरकावे तसा चिरंजीवांचा अंगठा त्यावरून फिरे. हजारो गाण्यांतून हवे ते गाणे तो क्षणात काढी. ही करामत मात्र मला मनापासून आवडली, आणि ती मी कबूल केली नाही.

पुढे मी त्याविषयी मिळेल ते वाचून काढले. २३ ऑक्टोबर २००१ रोजी कॅलिफोर्नियातील कूपर्टिनो येथे स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या विजारीच्या खिशातून पहिला आयपॉड काढून दाखविला. त्यात ५ गिगाबाइट जागा होती, म्हणजे सुमारे १,००० गाणी मावत. किंमत ३९९ डॉलर, आणि चाले तो केवळ त्याच कंपनीच्या मॅकिन्टॉश संगणकाबरोबर. खिशात मावणारी अशी यंत्रे त्यापूर्वीही निघाली होती. १९९८ मध्ये कोरियात एक विकले गेले होते. पण त्यांत फारच थोडी गाणी राहात. जॉब्स यांच्या माणसांना जपानच्या तोशिबा कंपनीची १.८ इंची चुंबकीय चकती मिळाली आणि टोनी फॅडेल नावाच्या अभियंत्याच्या हाताखाली काही महिन्यांतच हे यंत्र उभे राहिले.

आता चकती फिरवायची म्हणजे वीज लागणार, आणि बॅटरी तर एवढीशी. त्यांनी युक्ती अशी केली की चकती सतत फिरतच नाही. ती थोडा वेळ जागी होते, पुढची काही गाणी एकदम उचलून एका लहानशा स्मृतीत ठेवते आणि थांबते. गाणे ऐकू येते ते त्या साठ्यातून. विहिरीवरून घागर भरून आणावी, आणि मग दिवसभर घरातला तांब्याच बुडवावा, तसे हे आहे. रात्रीच्या शांततेत यंत्र कानाशी धरले तर चकती जागी होतानाचा बारीकसा टिकटिकाट ऐकू येतो. आणि गाणी इतकी मावतात कशी? मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज माणसाच्या कानाला मुळी कळतच नाही. जर्मनीतील कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी हे हेरून, न कळणारा भाग पाखडून टाकण्याची रीत बसविली. सुपातून फोलपट उडते, दाणे राहतात. पाखडलेले गाणे मूळच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे होते.

ह्या साऱ्या ज्ञानाने माझा सल काही कमी झाला नाही. २००९ च्या डिसेंबरात चिरंजीव पुन्हा घरी आले. बडोद्याची नोकरी सोडून ते हैदराबादेस चालले होते. जुना संगणकही विकून टाकला होता. एका रात्री तो झोपला असता खिडकीत ठेवलेले ते यंत्र मी उचलले. दुसऱ्याची वस्तू न विचारता हाताळू नये हे मी वर्गात तीस वर्षे शिकविले होते, तरी उचलले. चक्रावरून अंगठा फिरविता फिरविता एक यादी पुढे आली. सर्वांत अधिक वेळा ऐकलेली पंचवीस गाणी, असा तिचा अर्थ. हे यंत्र कोणते गाणे किती वेळा ऐकले त्याची मुकाट नोंद ठेवते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मला वाटले, सगळे परदेशी गोंधळगाणे असेल. पहिले नाव होते हिराबाई बडोदेकर. मग बालगंधर्व. मग आमच्याच जिल्ह्यातील सुळेभावी गावी जन्मलेले कुमार गंधर्व. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली ती नावे मी पुन्हा पुन्हा वाचली. सांगली केंद्रावरची ती आमची गाणी! आई म्हातारपणी रेडिओ स्वयंपाकघरात घेऊन बसे, आणि हा पोर तिच्या मांडीशी असे. ज्या मुलाने घराकडे कान मिटले म्हणून मी तीन वर्षे मनात कुढत होतो, तो त्या बोंड्यांमागे आमच्याच ओटीवर बसलेला होता.

दुसऱ्याच दिवशी मी उत्साहाने बेळगावास गेलो. १९८८ साली मी आईच्या जात्यावरच्या अकरा ओव्या एका कॅसेटवर घेऊन ठेवल्या होत्या. त्या एका होतकरू मुलाकडून संगणकी चकतीवर उतरवून आणल्या. चिरंजीव खानापूरच्या बाजारात गेले असता मी त्यांचा आयपॉड माझ्या नव्या संगणकास जोडला. त्याला न सांगता आजीचा आवाज आत घालावा, हा माझा बेत.

हे यंत्र स्वभावाने एकनिष्ठ आहे. ते एकाच संगणकाच्या गाण्यांच्या संग्रहाचे प्रतिबिंब होऊन राहते. गाणी संगणकातून त्यात उतरतात. त्यातून परत संगणकात सहसा येत नाहीत. दुसऱ्या संगणकास जोडले तर ते स्पष्ट विचारते, की जुने सारे पुसून ह्या नव्या संग्रहाशी नाते जोडू काय? मलाही विचारले. मला वाटले, माझ्या ओव्या आत घ्यायची परवानगीच मागत आहे. मी होय म्हटले.

तीन हजारांवर गाणी काही क्षणांत गेली.

संध्याकाळी चिरंजीव परतले तेव्हा मी ओटीवरच बसून होतो. झाले ते सांगितले.

"बाबा, त्याने विचारले नाही का?"

"विचारले."

"मग?"

"मी हो म्हणालो."

तो काही बोलला नाही. मुलगा आपल्यावर ओरडला असता तर बरे झाले असते असे मला आयुष्यात तेव्हा प्रथमच वाटले. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "आता काय आहे त्यात?" मी म्हटले, "तुझी आजी."

त्याने बोंड्या कानांत घातल्या आणि तो पायरीवर बसला. ओवी सुरू होण्यापूर्वी काही वेळ नुसती जात्याची घरघर आहे. मग आईचा आवाज येतो. ती घरघर त्याच्यापर्यंत पोहोचल्याचे मला त्याच्या पाठीवरून कळले. थोड्या वेळाने त्याने एक बोंडी काढून मागे न बघताच माझ्यापुढे धरली. तार आखूड होती. मला त्याच्याशेजारी अगदी चिकटून बसावे लागले. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून तो माझ्याइतका जवळ बसला नव्हता.

गाणी त्याने पुढे बरीचशी पुन्हा मिळविली. पण ती दुसऱ्या यंत्रात, म्हणजे फोनमध्ये. ज्या कंपनीने २००८ च्या हिशेबी वर्षात सुमारे ५ कोटी ४८ लाख आयपॉड विकले, तिनेच २००७ साली काढलेल्या आयफोनने आयपॉडची गरज हळूहळू संपविली. चक्राचा मोठा आयपॉड २०१४ मध्ये, लहान नॅनो आणि शफल २०१७ मध्ये बंद झाले, आणि १० मे २०२२ रोजी उरलेल्या शेवटच्या प्रकाराचेही उत्पादन थांबविल्याचे कंपनीने जाहीर केले. मात्र त्या चार वर्षांत कोणते गाणे किती वेळा ऐकले, ती जुनी यादी काही परत आली नाही. ती मी त्या रात्री एकदाच पाहिली, आणि पंचवीसातली जेमतेम नऊ नावे मला आज आठवतात.

ते यंत्र चिरंजीवांनी माझ्याकडेच ठेवले आहे. बॅटरी एकदा बदलून घेतली. आत अकरा ओव्या आहेत, बाकी काही नाही. संगणकास जोडले की प्रत्येक ओवीपुढे ती किती वेळा ऐकली गेली तो आकडा दिसतो. मी सहसा रविवारी दुपारी एकदा ऐकतो, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, म्हणून सगळे आकडे सारखेच वाढतात. गेल्या नाताळात चिरंजीव मुलांना घेऊन आठ दिवस राहून गेले. ते गेल्यावर मी यंत्र जोडून पाहिले. तिसऱ्या ओवीपुढचा आकडा नऊने पुढे गेला होता.