टेकू

आमच्या मोटारीला पाच दारं आहेत. चार माणसांसाठी आणि पाचवं सामानासाठी. पहिली चार उघडली की उघडी राहतात आणि लावली की लागतात. पाचव्याचं, म्हणजे डिकीचं, तसं नाही. ते लावलं की लागतं. पण उघडलं की अर्ध्या वाटेवर थबकतं, एक सुस्कारा सोडतं आणि सावकाश खाली येतं. कर्जाच्या अर्जावर सही करताना आमच्या मॅनेजरसाहेबांचं पेन असंच वर जातं, थबकतं आणि पुन्हा टेबलावर येतं. फरक एवढाच, की पेन कुणाच्या टाळक्यात बसत नाही.

मोटारीच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण यात कंपनीचा दोष नाही, वयाचा आहे. बदली झालेल्या एका सहकाऱ्याकडून मी ती घेतली, तेव्हाच ती नऊ वर्षांची होती. आता तिला बारावं सरलं आहे. बारा वर्षं रोज दहा-दहा वेळा 'हात वर!' म्हणून कुणी दरडावलं, तर तुमचेआमचे खांदे तरी कुठं शाबूत राहतील?

या दाराच्या दोन्ही अंगांना एकेक काळी नळी असते आणि तिच्यातून एक चकचकीत दांडी आत-बाहेर करते. गॅरेजवाले तिला 'डिकीचा शॉकर' म्हणतात. आम्ही पडलो बी. कॉम. आत स्प्रिंग असणार, अशी माझी समजूत. आमची कन्या अकरावी सायन्सला आहे. तिनं माझी समजूत काढून टाकली.

"बाबा, आत स्प्रिंग नाही, नायट्रोजन आहे. दाबून भरलेला. तो दांडीला बाहेर ढकलतो आणि दांडी दाराला."

"मग आता का ढकलत नाही?"

"दांडी जिथून बाहेर येते तिथं रबरी सील असतं. ते झिजलं, की वायू थोडा थोडा निसटतो."

थोडं थोडं निसटणं म्हणजे काय, हे पगारदार माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण आमचं दार सकाळी लवकर पडायचं आणि भर दुपारी बराच वेळ तग धरायचं, याचा अर्थ मला लागत नव्हता. कन्येनं तोही लावला. वायू गरम झाला की त्याचा दाब वाढतो, गार झाला की उतरतो. हिशेब करताना अंशांत २७३ मिळवायचे. दुपारचे ३३ अंश म्हणजे ३०६ आणि पहाटेचे १६ म्हणजे २८९. शंभरातले साडेपाच गेले की नाही? धडधाकट नळीला साडेपाच टक्क्यांची कपात कळतही नाही. पण जी आधीच काठावर पास होत होती, ती तेवढ्यात नापास!

गॅरेजवाल्यानं एका वाक्यात निकाल दिला. "दोन्ही बदला साहेब, जोडीचे चौदाशे." आता, बारा वर्षांच्या मोटारीवर चौदाशे रुपये घालावेत की नाही, हा प्रश्न बी. कॉम. झालेल्या माणसाला विचारू नये. त्याला आधी घसारा दिसतो. मी विषय बँकेत काढला, आणि तिथं ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही अशांकडूनही सल्ल्यांच्या ठेवी जमा होऊ लागल्या.

पहिला सल्ला वॉचमनचा : काठी. खर्च शून्य. जुन्या कुंच्याचा दांडा कापायचा आणि दाराला टेकू द्यायचा. याच्यामागेही शास्त्र आहे. दाराचं वजन बारा किलो धरलं, तर त्याच्या मोकळ्या टोकाला टेकू देणाऱ्या काठीवर निम्माच, म्हणजे सहा किलोचा भार येतो. बिचारे शॉकर बिजागरीच्या जवळ बसवलेले असतात. त्यांना त्याच दारासाठी कितीतरी पट जोर लावावा लागतो. बिजागरीपाशी बसून भार पेलणारे हे दोघे कुणाला दिसत नाहीत, आणि टोकाला उभी राहिलेली काठी मात्र डोळ्यांत भरते. आमच्या शाखेत असे शॉकर दोन आणि काठ्या पुष्कळ आहेत.

दुसरा सल्ला हेडकॅशियरचा : दोरी. दाराला एक आकडा, छताला दुसरा, मध्ये दोरी. खर्च वीस रुपये. उपाय नामी, फक्त भाजी घ्यायला जाताना बरोबर छत न्यावं लागतं.

तिसरा सल्ला पेन्शनच्या रांगेतल्या एका काकांचा : दार वर करायचं आणि चकचकीत दांडीला नळीच्या तोंडाशी आवळपक्कड लावून टाकायची. नळी पकडीवर अडते, दार खाली येत नाही. येत नाही हे खरं. पण पकडीचे दात त्या गुळगुळीत दांडीवर उमटतात, आणि मग तीच खरबरीत दांडी आत-बाहेर करताना सीलचा उरलासुरला जीव घेते. म्हणजे आजचं भागवण्यासाठी मुदत ठेव मोडायची, त्यातला प्रकार.

चौथा सल्ला ज्यानं दिला त्याचा व्यवसायही मी सांगत नाही. नळीला बारीक भोक पाडायचं, आत तेल सोडायचं आणि भोक बुजवायचं. हा सल्ला कन्येच्या कानावर घातला तेव्हा ती ओरडलीच. आत प्रचंड दाबाचा वायू कोंडलेला असतो. भोक पाडणाऱ्याच्या तोंडावर काय येईल ते सांगता येत नाही. वाचकहो, या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ती नळी भोसकू नका आणि जाळात टाकू नका.

तर वॉचमनची काठी डिकीत मुक्कामाला आली. तात्पुरती. 'तात्पुरतं' हा शब्द आम्हा बँकवाल्यांच्या फार ओळखीचा. आमच्याकडे उचंत खातं म्हणून एक खातं असतं. रक्कम कुठं नोंदवायची ते कळेना, की ती तात्पुरती उचंतमध्ये टाकायची. म्हणजे संध्याकाळी हिशेब जुळतो आणि सगळे वेळेवर घरी जातात. रक्कम मात्र तिथंच राहते. तिला विचारायला ऑडिटर येईपर्यंत ती टाकणारा कारकून निवृत्तही झालेला असतो. काठीचं तसंच चाललं होतं. श्रावणात आली, गणपती पाहिले, दसऱ्याला तिला झेंडूचं फूलही लागलं.

पण मोटार एकट्या माझी असती तर गोष्ट वेगळी. मी बँकेत स्कूटरवरून जातो. मोटार खरी चालते सौ.च्या कामासाठी. दिवाळीच्या आधी ती फराळाच्या ऑर्डरी घेते. चकल्या, अनारसे, करंज्या. स्वतःच डबे भरते आणि स्वतःच मोटार चालवत विश्रामबागेपासून वखारभागापर्यंत अख्ख्या सांगलीत पोचते करते. दिवसातून वीस वेळा ते पाचवं दार उघडायचं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही हातांत डबा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ती गणपती पेठेत एका दुकानदाराची ऑर्डर उतरवत होती. पेठेत त्या दिवसांत काय गर्दी असते ते सांगलीकरांना सांगायला नको. पोतं घेतलेला एक हमाल बिचारा बाजूनं निघाला, पोत्याचा कोपरा काठीला लागला, काठी निसटली आणि बारा किलोचं दार सौ.च्या खांद्यावर आलं.

डबा तिनं सोडला नाही. घरी आली तेव्हा खांदा काळानिळा झाला होता आणि हात डोक्याच्या वर जात नव्हता. मी 'डॉक्टर' म्हणेपर्यंत ती डब्याचं झाकण काढून चकल्या मोडल्या का ते पाहत होती. चाळीस घरचा फराळ पोचवायचा होता आणि मध्ये दोन दिवस होते.

"अहो, मला हात दोनच आहेत," ती म्हणाली. "डबा धरू की दार धरू, एवढं एकदा ठरवून द्या."

त्यावर विनोद करायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सार्वजनिक वाहनतळावर कधी नीट पाहा. नवरा डिकीत डोकं घालून काहीतरी शोधत असतो, आणि शेजारी त्याची बायको, नाहीतर आई, दोन्ही हात वर करून दार पेलत उभी असते. जगातला सगळ्यात स्वस्त टेकू हाच. त्याला खर्च नाही, पावती नाही, घसारा तर नाहीच नाही; म्हणून तो कुठल्या वहीत दिसत नाही.

त्या रात्री उपाय निघाला तो मायलेकींच्या डोक्यातून. न्हाणीघराच्या दुरुस्तीतून उरलेला अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप माळ्यावर पडला होता. दार पूर्ण वर करून दांडी किती बाहेर येते ते सौ.नं शिवणाच्या टेपनं मोजलं. तेवढ्याच लांबीचे दोन तुकडे कापले. प्रत्येक तुकडा करवतीनं लांबीत चिरला, दांडी जेमतेम दाबून आत जाईल इतका. दांडी आठ मिलिमीटरची, नळी अठराची आणि पाइपचं पोट पंधराच्या आसपास. म्हणजे पाइप दांडीवर बसतो, पण नळी पाइपात शिरत नाही. ती त्याच्या काठावर येऊन टेकते. दार जागच्या जागी! दांडीला ओरखडा नाही आणि रस्त्यात आडवी काठी नाही. पाइप काढायचा विसरून दार आपटलं तर बिजागरी वाकेल, म्हणून दोन्ही तुकड्यांना मिठाईच्या खोक्याची लाल फीत बांधली. करवतीचं पातं घरचंच, तेव्हा खर्च शून्य. चाळीसच्या चाळीस घरी फराळ वेळेवर गेला. डबे उचलायला कन्या बरोबर होती, आणि दार धरायला कुणीच लागलं नाही.

इथं माझ्यातल्या कारकुनानं हळूच सुचवलं, की आता हेच कायम ठेवावं. सौ.नं ऐकून घेतलं. भाऊबीज झाल्यावर तिनं फराळाचे पैसे मोजले आणि पहिला खर्च टाकला तो शॉकरच्या जोडीचा. दुकानात गॅरेजवाल्यापेक्षाही काटेकोरपणे तिनं जुन्या नळीवरचा आकडा वाचून दाखवला. हा आकडा न्यूटनमध्ये असतो. ३०० न्यूटन म्हणजे साधारण तीस किलोचा जोर. 'जरा जास्त जोराचे देऊ का?' असं दुकानदारानं विचारलं, तर ती म्हणाली, "नको. दार वर जायला हवंय, माझी हनुवटी नको." लांबी जुळवली, टोकाची वाटी जुळवली. घरी येऊन पाइपच्या आधारावर दार उभं ठेवलं, कन्येला खालून धरायला सांगितलं, स्क्रू-ड्रायव्हरनं वाटीची चाप उचलली आणि एका वेळी एक, असे दोन्ही बदलले. दार बंद असताना दांडी खालच्या बाजूला राहील असे बसवायचे, म्हणजे आतलं थोडं तेल सीलवर राहतं आणि ते सुकत नाही. दहा मिनिटांचं काम. मजुरी वाचली, ती तिनं स्वतःच्या नावावर जमा केली.

तात्पुरत्याला माझा विरोध नाही. तात्पुरतं नसतं तर ती दिवाळी पार पडली नसती. फक्त त्याच्यावर तारीख हवी, आणि तोवर भार कोण पेलतंय याची कुठंतरी नोंद हवी.

पाइपचे ते दोन तुकडे आता शेजारच्या बिऱ्हाडी गेले आहेत. त्यांच्याही मोटारीनं मान टाकली आहे. सौ.नं ते फितीसकट दिले. पण पाडव्यापर्यंतच, असं बजावून. मी पावती लिहून घेतली आहे.