बुद्धीच्या पायऱ्या

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी ही थोरली माता आणि चामुंडा ही धाकटी माता. धारहून आम्ही सहकुटुंब दर्शनास जातो, तेव्हा मुलांच्या बुद्धीच्या पायऱ्याही ध्यानी येतात. चार महिन्यांचे तान्हे पदराआड गेलेला खुळखुळा शोधीत नाही; आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास ते पदर ओढू लागते. चार वर्षांचा नातू बहिणीच्या उंच पेल्यातले पन्हे अधिक समजून रडतो, आठ वर्षांची नात म्हणते, "ओतले तर सारखेच!" स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी हाच क्रम मांडला. मग धाकट्यास हट्टी ठरवून धपाटा का घालावा? त्याची ती पायरी अजून यावयाची आहे. तोवर दोघांस एकाच घडणीचे पेले द्यावेत, हेच शहाणपण.