नाहरकत

हैदराबादेतील मलकपेठच्या कांदाबाजारातील हमालांच्या हाकांनी ज्या घरात आमची पहाट होते, त्या घरी २०२४ च्या अखेरीस देगलूरहून दादांचा, म्हणजे माझ्या चुलत बंधूंचा, निरोप आला, की वडिलोपार्जित पाच एकरांच्या सातबाऱ्यावर माझेही नाव असल्याने सौर कृषिपंपाच्या अर्जासोबत माझे नाहरकतपत्र मुद्रांकावर हवे आहे. ज्या जमिनीची माती जन्मात हाताला लागली नाही, तिच्यावरचा माझा हक्क सरकारी दफ्तराने एवढ्या अगत्याने जपावा याचे हसू आले. तरी कागद टपालाने न धाडता मी स्वतःच निघालो.

देगलूर आणि मलकपेठ १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. आता सीमेपलीकडे तेलंगणात मदनूरच्या शिवारात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज, आणि अलीकडे आमच्या दादांच्या वाट्याला पाळीची, पुष्कळदा रात्रीची. मी पोचलो त्या रात्री हरभऱ्याला पाणी द्यायचे होते. मी विजेरी धरून कुडकुडत उभा, आणि दादा फावड्याने एक दारे फोडून दुसरे बांधीत. पाणी सरीच्या टोकाला पोचले की नाही, हे त्यांना अंधारात नुसत्या आवाजावरून कळे.

“सापाचं काही नाही रे,” ते म्हणाले, “झोपंचं भ्याव वाटतं.”

अडीच ते पाच एकरांना पाच अश्वशक्तीचा पंप, सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, बाकीचा भार सरकारचा, अशी ही योजना. हिस्सा तत्काळ भरला गेला. पुरवठादाराची माणसे मात्र खड्डे खणून जी गेली, ती पोळा उलटल्यावर उगवली.

पुढच्या माघात मी पुन्हा गेलो, तेव्हा सौरपंप चालू झाला होता. बॅटरी नाही, साठवण नाही. सकाळी कृश असलेली धार माथ्यावर सूर्य येताच भरून वाहते आणि ढगाची सावली पडली की तत्क्षणी मंदावते. तक्त्यांवरची धूळ दादा जुन्या धोतराच्या ओल्या फडक्याने देव पुसावेत तशी पुसत होते. मला खटकले ते निराळेच. बिल नाही, जागरण नाही, म्हणून ऊन असेतो पंप थांबवण्याचे कोणाला कारणच उरत नाही. विहिरीच्या दगडांवरची ओलीची रेघ माघातच गतवर्षीच्या फाल्गुनाइतकी खाली उतरली होती. योजनेत सूर्याचा विचार पुष्कळ झाला आहे, विहिरीचा अल्प. दादांना तसे बोललो, तर त्यांनी मान हलवली आणि पंप चालूच ठेवला.

मलकपेठेस पोचल्याचे कळवण्यासाठी रात्री नऊला फोन केला, तो वहिनींनी उचलला. दादा केव्हाच झोपले होते.